भिंतीपलीकडची पंगत

दुसऱ्याच्या पोटाची जेवढी काळजी आमच्या आतोबांनी केली, तेवढी सावित्री नदीच्या दोन्ही काठांवर आजवर कुणी केली नसेल, आणि पुढे कुणी करील असंही मला वाटत नाही. आतोबा म्हणजे माझ्या यजमानांच्या आत्याचे यजमान, नात्याने माझे आतेसासरे. घरातली मुलं त्यांना आतोबा म्हणत, मग गडीमाणसं म्हणू लागली, आणि मी लग्न होऊन दासगावात आले तोवर सगळा गावच त्यांचं खरं नाव विसरून गेला होता. ते मूळचे पोलादपूरचे. आत्याबाई फार तरुणपणी गेल्या, तेव्हा "दोन घास खातो आणि जातो" म्हणून बायकोच्या माहेरी, म्हणजे आमच्या घरी आले, ते परत गेलेच नाहीत. तिकडे स्वतःचं घर होतं, भाताची खाचरं होती. पण जेवताना समोर बसायला माणूस नव्हतं, आणि एकट्याने जेवण्याची आतोबांना जेवढी भीती वाटे तेवढी सापाचीही वाटत नसे. त्यांचं म्हणणं असं, की एकट्याने खाल्लेलं अन्न पोटात बसत नाही, उभंच राहतं. "त्याला बस म्हणून कुणीतरी सांगावं लागतं गो," ते म्हणत. "आपण गप गिळलं तर त्याला काय समजणार, कुठं बसायचं ते?"

दिसायला ठेंगणे, डोक्यावर गुळगुळीत टक्कल, आणि अंगात खिशांची बंडी. त्या खिशांत हिरडे, सुंठ, ओवा आणि खोबऱ्याचे तुकडे असा दवाखाना भरलेला असे. त्यांची-माझी पहिली भेट या खिशांमुळेच झाली. माझं लग्न माहेरी, कुडपणला झालं. दासगावचं वऱ्हाड डोंगर चढून आलं तेव्हा अर्धी मंडळी धापा टाकत होती आणि आतोबा त्यांना ओवा वाटत होते. मी सकाळपासून उपाशी, तशी आमच्याकडे रीतच होती. अंतरपाट खाली गेला, अक्षतांचा पाऊस पडला, वाजंत्री सुरू झाली, आणि त्या गलक्यात एक टकलं डोकं माझ्या मुंडावळ्यांशी येऊन कुजबुजलं, "पोरी, पोटात काय हाय?" नवरीला असलं कुणी विचारतं का? मी मान खाली घातली. त्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं आणि अक्षतांबरोबर माझ्या ओंजळीत खोबरं आणि गुळाचा खडा सरकवला. पुढचे सगळे विधी मी पदराआड खोबरं चघळत पार पाडले. सासरचं मला जे पहिलं मिळालं ते हे, आणि त्याची चव अजून जिभेवर आहे.

त्यांच्या लेखी जगातल्या साऱ्या भानगडींचं मूळ पोटात होतं. कुणी भावाशी भांडला, कुणी रडला, कुणी देवळात न जाता घरी परतला, की आतोबा विचारणार, "काल काय खाल्लंन?" माणसाचं मन डोक्यात असतं हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. स्वतःच्या टकलावर हात फिरवून ते म्हणत, "ह्यात काय हाय? ह्यात केस पण नाय टिकले, मन कुठून टिकंल? मन हाय हितं," आणि बंडीवरून पोट थोपटत. एकदा बांधाच्या भांडणापायी त्यांना महाडच्या कचेरीत जावं लागलं. मामलेदारसाहेब त्या दिवशी सगळ्यांवरच तडकत होते. आतोबांची पाळी आली तेव्हा ते आपलं म्हणणं मांडायचं सोडून साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "साहेब, सकाळी पोट साफ झालं नाय वाटतं." आतोबांनी शांतपणे खिशातून दोन हिरडे काढून टेबलावर ठेवले आणि ते कसे उगाळायचे तेही सांगितलं. त्यांना अर्थातच बाहेर काढलं. पायऱ्या उतरतात तोच मागून शिपाई धावत आला. आता बेड्याच, असं वाटून आतोबांनी हात पुढे केले, तर शिपाई इकडे तिकडे बघत म्हणाला, "साहेबांनी फेकले ते मी उचलले हायत, पण उगाळायचे गरम पाण्यात का थंड?"

सोबतीशिवाय न जेवण्याचा त्यांचा नेम घरच्यांना चांगलाच भोवे. नारळी पौर्णिमेनंतर मुंबईच्या बोटी सुरू झाल्या, की आतोबा दुपारी बंदरावर उभे. उतरलेल्या माणसांपैकी ज्याचं तोंड सुकलेलं दिसेल त्याला ते हाताला धरून घरी आणणार, आणि सासूबाई चुलीपाशी कपाळाला हात लावून भाताचं आधण वाढवणार. एका पावसाळी दुपारी घरची सारी माणसं भाताच्या लावणीला गेली होती आणि बाहेर चिटपाखरू नव्हतं. आतोबा ताट घेऊन गोठ्यात गेले आणि म्हशीसमोर पाट मांडून जेवले. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "काय बोलली नाय, पण समोर बसून चावत होती. सोबत झाली." पंगतीचे त्यांचे दोन नियम होते, आणि त्यांपुढे ते देवालाही जुमानत नसत. पंगतीत सगळ्यांना एकच वाढायचं, कुणाला तूप आणि कुणाला ताक असं चालायचं नाही. आणि शेवटच्या माणसाचं आटपल्याशिवाय कुणी उठायचं नाही, हात धुवायचा नाही. महाडला एका लग्नात दात पडलेले एक म्हातारे गृहस्थ जिलबीचा एकेक वळसा विरघळवत बसले होते. बाकीची पंगत उठायला लागली तशी आतोबांनी आरोळी ठोकली, "बसा! पाव्हण्यांचं चाललंय!" अख्खी पंगत खरकटे हात वाळवत बसली, दुसऱ्या पंगतीची माणसं दारात ताटकळली, आणि त्या म्हाताऱ्यांना एवढं संकोचल्यासारखं झालं की त्यांनी उरलेली जिलबी अख्खीच्या अख्खी गिळली.

मला दिवस गेले, हे घरात सगळ्यांत आधी आतोबांना कळलं. मी कुणाला बोलले नव्हते. पण ते माणसांच्या तोंडापेक्षा ताटांकडे जास्त बघत. ओटीवर चार पाहुणे बसलेले असताना त्यांनी सासूबाईंना हाक मारून जाहीर केलं, "वहिनी, सूनबायचं मासळीवरून मन उडालंय आणि चिंचेकडं बघते. पाळणा काढा माळ्यावरचा." मी जात्याआड तोंड लपवलं. सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांशी सुनेने बोलायचं नाही, आणि त्यांनीही तिला थेट काही विचारायचं नाही, अशी आमच्या घरची शिस्त. पण डोहाळे तर विचारायलाच हवेत! मग आतोबांनी युक्ती काढली. ओटीच्या खांबापाशी बसून ते खांबालाच विचारत, "काय रे खांबा, तुला काय खावंसं वाटतंय? आंबोळी? सांदण? सुकट?" मी आत स्वयंपाकघरात ऐकत असे. आतोबा एकेक पदार्थ घेत आणि कान देऊन बसत. एके दिवशी ते दमून म्हणाले, "मग काय, नाचणीची आंबील?" आणि माझ्या नकळत माझ्या हातातल्या बांगड्या वाजल्या.

नाचणी आमच्या डोंगरावरचं अन्न. पीठ ताकात भिजवून रात्रभर आंबवायचं, सकाळी शिजवायचं, वर मीठ-जिरं. आई ती रोज करायची. दासगावचं घर पडलं भातशेतीचं. तिथे नाचणी पिकत नव्हती, खाल्लीही जात नव्हती, आणि डोंगरातली सून नाचणी मागते असं म्हटलं जाईल म्हणून मी लाजेने गप्प होते. आतोबा पोलादपूरला गेले आणि उपरण्यात नाचणी बांधून आले. सासूबाईंनी मान हलवत हलवत आंबील केली. मी ती प्यायले आणि चुलीपाशी बसून ढसाढसा रडले. आतोबा ओटीवरून म्हणाले, "रडतोय का रे खांब? रडू दे. पोट उघडलं की डोळे पण उघडतात."

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. उन्हाळ्याच्या शेवटी मला डोलीतून वर न्यायचं ठरलं होतं, पण ऐन वेळी मला ताप भरला. ताप उतरेपर्यंत ओढे भरले आणि कुडपणची वाट बंद झाली. माझी मुलगी श्रावणात जन्मली, सासरी, पाठीमागच्या पडवीला लागून असलेल्या काळोख्या खोलीत. यजमान मुंबईला गिरणीत. ते गणपतीशिवाय येणार नव्हते. आई डोंगरावर, तिला तर बातमीही पोचली नव्हती. सुईण म्हणाली, सगळं नीट झालं. आणि खरंच, सगळं नीटच झालं होतं, फक्त मी नीट नव्हते.

हे मी आजवर फार कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला माझ्या कुशीत ठेवलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि मला काहीही वाटलं नाही. बंदरावर कुणी अनोळखी बाई "जरा सांभाळ हं" म्हणून गाठोडं ठेवून जाते, तशी ती माझ्याजवळ होती. तिची आई येईल आणि घेऊन जाईल, अशी मी वाट बघत होते. अन्नावरची वासना उडाली. खोलीत शेगडी, ओव्याची धुरी, खिडकीला गोणपाट; पुढ्यात तुपातले डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, मऊभात. सासूबाई सगळं मायेने करत होत्या, त्यांना मी काय नाव ठेवू? पण रीतीप्रमाणे ताट उंबऱ्याशी ठेवलं जाई, मी एकटी भिंतीकडे तोंड करून बसे, एक घास तोंडात फिरे आणि ताट तसंच परत जाई. दूध आटलं. मुलगी रडून रडून थकू लागली. सासूबाई कापसाच्या वातीने तिच्या तोंडात गाईचं दूध पिळत आणि पदराने डोळे पुसत. शेजारणी दारात येऊन म्हणाल्या, "ह्ये बाहेरचं हाय. डोंगराची पोर ती, येताना काय लागलं आसंल. भगत आणा." सासूबाई भगत आणायला तयार नव्हत्या, पण दुसरं काय करायचं तेही त्यांना सुचत नव्हतं. मी जेवले नाही तर मूल जगणार नाही, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं. पण त्याचं मला काही वाटत नव्हतं, आणि ते न वाटणंच सगळ्यांत भयंकर होतं.

आतोबांनी आधी अर्थातच हिरडा पाठवला. मी तो शेगडीत टाकला. मग त्यांनी डिंकाच्या लाडवांना दोष दिला, मग गाईच्या तुपाला, मग शेगडीतल्या लाकडाला. ओव्याचा अर्क आला, सुंठीचा लेप आला, बाळंतशेपा आला, आणि यातलं काहीही माझ्या आत पोचलं नाही. त्यांचा खिशातला दवाखाना रिकामा झाला. घरातली पोरं सांगत, आतोबा ओटीवर गप्प बसून आहेत आणि कुणाला पोटाचं विचारत नाहीत. गावाला ही बातमी माझ्या आजारापेक्षा मोठी वाटली.

आणि एका दुपारी पाठीमागच्या पडवीत पाट मांडल्याचा आवाज झाला. माझी खोली आणि पडवी यांच्यामध्ये फक्त कुडाची, शेणाने सारवलेली भिंत होती. पलीकडचा श्वासही अलीकडे ऐकू यायचा. भिंतीला पाठ टेकवून कुणीतरी बसलं. मग आवाज आला, "मी जेवायला बसलोय. समोर कुणी नाय. तुझं ताट आलंय ना? बस."

सासूबाई धावत आल्या. "काय हो भावजी, बाळंतिणीशी काय बोलता? लोक काय म्हणतील?"

"मी कुठं बाळंतिणीशी बोलतोय? मी भिंतीशी बोलतोय," आतोबा म्हणाले. "वहिनी, बाळंतिणीच्या ताटात काय वाढलंस?"

"मऊभात नि कुळथाचं कढण."

"आन माझ्यात?"

"बोयटाचं कालवण."

"मग ही कसली पंगत? तिनं कढण प्यायचं नि मी पलीकडं बसून मासे चोखायचे? ने ते. मला पण तेच वाढ."

मी त्या दिवशी जेवले नाही. पण आतोबांनी आपलं ताट संपवलं आणि ते उठले नाहीत. शेवटच्याचं आटपलं नव्हतं ना! सासूबाईंनी तांब्या आणून ठेवला, त्यांनी हात धुतला नाही. पावसाची झड पडवीत येत होती. गुरं परत आली, चुलीत धूर झाला, तरी ते भिंतीला टेकून बसलेले. मध्येच खोकत होते. मला राग आला. किती दिवसांनी मला काहीतरी वाटलं, तर तो राग होता. या म्हाताऱ्याला कुणी सांगितलंय माझ्यासाठी भिजायला? शेवटी त्यांना तिथून उठवावं एवढ्याचसाठी मी थंड झालेल्या भाताचे चार घास गिळले आणि ताट मुद्दाम आपटून सरकवलं. पलीकडून पाण्याचा आवाज आला. "आटपलं. छान झालं जेवण," आतोबा म्हणाले आणि पाट घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पाट पुन्हा मांडला गेला, आणि मग रोजच. मी हळिवाची खीर खायची तर आतोबाही हळिवाची खीर खायचे. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, शेपाचं पाणी, सगळं सारखं. ओल्या पडवीत बसून त्यांना सर्दी झाली, म्हणून सासूबाईंनी त्यांच्या कानांना फडकं गुंडाळलं आणि शेजारी शेगडी ठेवली. कानाला फडकं, पुढ्यात खीर, बाजूला शेगडी: कुडाच्या दोन्ही अंगांना दोन बाळंतिणी बसल्यागत दिसे. आतोबांच्या गालांवर तुकतुकी आली, बंडीच्या गुंड्या लागेनात. गणपतीला मुंबईची माणसं आली तेव्हा त्यांना हे बघून हसू आवरेना. गिरणीतला एकजण म्हणाला, "काय आतोबा, एकदम फर्स्ट क्लास! मुलगा की मुलगी?" आतोबांनी कानाचं फडकं सारखं केलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मुलगी. दोघांची तब्येत बरी हाय." यजमान शेजारीच उभे होते, तेही हसले. मग पडवीत जाऊन आतोबांच्या पाया पडले, ते मी कुडाच्या फटीतून पाहिलं.

पण ते पुढचं. त्याआधी माझं पोट अजून धरत नव्हतं. तूप-लाडू अंगी लागत नव्हते, खाल्लेलं उलटून येत होतं. मला आंबील हवी होती, आणि बाळंतिणीला आंबट देतात का? सासूबाईंनी कानावर हात ठेवले. आतोबांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पाटावर बसून ते फक्त एवढंच म्हणाले, "वहिनी, मला उद्या आंबील पाहिजे. ताजी, कोमट."

"तुम्हाला करते की."

"आन पंगतीत एकच वाढायचं."

सासूबाईंनी रात्री नाचणीचं पीठ ताकात भिजवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन वाट्या भरल्या. ती आंबील माझ्या पोटात राहिली. आतोबांच्या हिशेबाने ती आत गेली, तिने आजूबाजूला बघितलं आणि खाली बसली.

भिंतीआडून बोलायला पदर लागत नाही, आणि तोंडही दिसत नाही. खांबाशी बोलणारे आतोबा आता भिंतीशी बोलायचे, आणि हळूहळू भिंत उत्तरं देऊ लागली. ते मला म्हशीचं सांगत, बंदराचं सांगत. आभाळ जरा फाटलं की म्हणत, "आज तुझं कुडपण दिसलं गो. अगदी साफ." दासगावातून कुडपण दिसत नाही. मध्ये सगळे डोंगर आहेत. त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. तरी मी विचारत असे, "धूर दिसला का आमच्या घराचा?" आणि ते म्हणत, "दिसला तर! तुझी आय भाकरी करते."

एक दिवस मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आतोबा, मला हिची माया येत नाय." त्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं मोठं वाक्य. पलीकडे चावण्याचा आवाज थांबला. माझा जीव घाबरा झाला, की आता हे उठून जाणार.

"नाय येत तर नाय येत," ते म्हणाले. "भूक पण कधी कधी उशिरा लागते. आपण ताट मांडून ठेवायचं. लागली की बसायचं." पलीकडे वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. "तुझी आतेसासू अशीच होती. पोलादपूरला, आमच्या घरात. तिचं ताट आत जायचं नि तसंच परत यायचं. मी ओटीवर पोट भरून जेवत होतो, ढेकर देत होतो. मला कुणी सांगितलं नाय, मी पण विचारलं नाय. पोर आधी गेलं, मग ती." ते एवढंच बोलले. मग म्हणाले, "खा गो. खीर थंड होते."

मी खाल्लं. त्या दिवसापासून मी स्वतःहून खाल्लं. तोवर मला वाटत होतं की एकट्याने जेवू नये हा त्यांचा हट्ट आहे, सगळ्या गावाला हसवणारं खूळ आहे. कितीतरी माणसं त्यांनी बंदरावरून हात धरून आणली होती, आणि तरीही त्यांना हवं ते माणूस त्यांत नव्हतं.

बारसं कसंबसं झालं होतं. गौरी गेल्या, यजमान मुंबईला परतले. एका दुपारी ताट पुढ्यात होतं आणि मुलगी रडली म्हणून मी तिला घेतलं. दूध हळूहळू परत आलं होतं. ती पिता पिता थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पिऊ लागली. तिच्या कानामागे एक काळा तीळ आहे, तो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. इतके दिवस ती माझ्याजवळ होती आणि मी तो पाहिलाच नव्हता. मी तिथे बोट लावलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग एकदम आठवलं, की पलीकडे आतोबांचं कधीचंच संपलं असणार आणि ते हात वाळवत बसले असणार. मी घाईने म्हणाले, "आतोबा, थांबा हं. हिचं चाललंय."

पलीकडे पाट करकरला. मग त्यांचा आवाज आला, घोगरा. "पंगतीत तिसरी आली का? मग बसतो की. सावकाश होऊ दे." आणि मी रडले, ती चांगली रडले. कुडाच्या पलीकडेही कुणीतरी नाक शिंकरलं, पण आतोबांना तेव्हा सर्दी होतीच.

नंतरची कितीतरी वर्षं ते तसेच राहिले. मुलगी पहिला भात खायला बसली ती त्यांच्या मांडीवर. गावात कुणाकडेही बाळंतीण असो, आतोबा त्या घराच्या पडवीत पाट घेऊन जाऊन बसायचे. सुरुवातीला लोक हसले, मग घरोघरच्या म्हाताऱ्या स्वतःच पडवीत बसून जेवू लागल्या. आतोबांना त्याचं वाईट वाटलं. "माझ्या खिरी गेल्या," ते म्हणाले.

म्हातारपणी त्यांना वारा सोसेना, म्हणून त्यांची खाट माझ्या बाळंतपणाच्या त्याच खोलीत घातली, गोणपाटाच्या खिडकीच्या. भातं कापून झाली होती त्या दिवसांत त्यांचं जेवण सुटत गेलं. ज्या माणसाने सगळ्या गावाच्या पोटाची चौकशी केली, त्याच्या स्वतःच्या पोटात पेजही ठरेना. एका दुपारी मी दोन वाट्यांत आंबील घेतली. एक त्यांच्या हाताशी ठेवली, दुसरी घेऊन पाठीमागच्या पडवीत गेले आणि कुडाला पाठ टेकून बसले. मी केव्हापासूनच त्यांच्याशी तोंडासमोर बोलत होते, समोर बसूही शकत होते. पण मला तिथेच बसावंसं वाटलं.

"मी जेवायला बसले आहे, आतोबा," मी म्हणाले. "समोर कुणी नाही. तुमचं होईस्तोवर मी हात धुणार नाही."

ते हसले. हसता हसता खोकले. "मी काय बाळंतीण हाय का गो?"

"आंबील घ्या."

चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. एकदा, मग जरा वेळाने पुन्हा. मी माझी आंबील सावकाश पीत होते, त्यांच्या आधी संपू नये म्हणून. मग त्यांनी विचारलं, "आज कुडपण दिसतंय का?"

समोर परसातली केळ होती, पलीकडे भाताच्या पेंढ्यांची रचलेली उडवी, त्यापलीकडे नदीकडचं धुकं.

"दिसतंय की," मी म्हणाले. "अगदी साफ दिसतंय. धूर पण दिसतोय."

"कुणाच्या घराचा?"

"आपल्या. आत्याबाई भाकरी करतायत."

"मग बरं," आतोबा म्हणाले. नंतर चमच्याचा आवाज आला नाही. माझी वाटी मी बोटांनी निपटून संपवली. मुलगी शाळेतून आली, तिने मला असं बसलेलं पाहून विचारलं, "आई, हात धुवायला पाणी आणू?" मी मानेनेच नको म्हटलं आणि तिला जवळ ओढून घेतलं. पंगतीचा नियम त्यांनीच घालून दिला होता. हातावरची आंबील वाळून पांढरी झाली तरी मी तिथेच बसून राहिले.